उत्तरासाठी थांबायचं असतं

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’. विषय मोठा आहे आणि मी डी. फार्म. झालेला, मिरजेत मेडिकल दुकान चालवणारा माणूस आहे. त्यामुळे मी तो जरा आवळून घेतलाय. मी एका पॉडकास्टबद्दल बोलणार आहे, आणि माझ्या खालाबद्दल.

गोष्ट जून २०२१ची. देशात दुसरी लाट ओसरत होती, पण आमच्या सांगली-कोल्हापूरकडे ती हटायला तयार नव्हती. एप्रिल-मेमध्ये लशीचा तुटवडा होता. रांगेत उभं राहून लोक परत येत. जूनमध्ये आमच्या भागातल्या केंद्रावर साठा आला. खाला तेव्हा ६२ वर्षांची. साखरेचा त्रास जुना. खालू वारलेले, दोन्ही मुली लग्न होऊन बाहेरगावी. तिच्या औषधपाण्याचं सगळं माझ्याकडे. एका संध्याकाळी ती दुकानात आली, काउंटरला टेकली आणि म्हणाली, “सुई लेऊं क्या रे?”

मी म्हणालो, “थोडा रुक, खाला.”

एवढंच. तीन शब्द. या तीन शब्दांमागे काय होतं, ते तुम्हाला सांगायचंय.

आधी २०२०मध्ये जाऊ. मार्चअखेर निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि पुढचे कित्येक दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आजार विषाणूचा होता, नाव आपलं घेतलं जात होतं. माझ्या दुकानात रोज येणारे काही लोक समोरच्या दुकानात जाऊ लागले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं, माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केला, असं निकालात नोंदवलं. पण निकालाची बातमी किती जणांनी पाहिली? आरोप अख्ख्या देशाने पाहिला होता.

त्या दिवसांत मी टीव्ही बंद केला तो कायमचा. ज्यांनी माझ्या माणसांबद्दल खोटं सांगितलं, ते औषधाबद्दल खरं सांगतील यावर मी विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तो असेल. मी सांगतोय ते त्या प्रश्नानंतर मी काय केलं, ते.

मी पॉडकास्ट ऐकायला लागलो. रात्री दुकान आवरताना कानात इअरफोन. त्यातला एक होता ‘डार्कहॉर्स’. ब्रेट वाइनस्टाइन आणि हेदर हेइंग हे नवरा-बायको, दोघंही उत्क्रांतीचा अभ्यास केलेले जीवशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात शिकवायचे. २०१७मध्ये तिथे वंशभेदाच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला, विद्यार्थ्यांनी वाइनस्टाइन यांना घेरलं, आणि त्याच वर्षी दोघांनी कॉलेज सोडलं. पुढे ते स्वतःचा पॉडकास्ट करू लागले. मागे कुठली संस्था नाही, चॅनेल नाही. टेबलाशी बसायचं आणि दीड-दोन तास शांतपणे बोलायचं.

तो शांतपणा मला भावला. आरडाओरडा नाही, धर्माचं नाव नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. हे इंग्रजी मला कळतंय, शास्त्रज्ञ माझ्याशी दोन तास बोलताहेत, याचा मला मनातून अभिमान वाटायचा. हे कबूल करतो, कारण पुढच्या चुकीत या अभिमानाचा वाटा आहे.

आणि ते बरोबरही ठरत होते. विषाणू वुहानच्या प्रयोगशाळेतून निसटला असू शकतो, ही शक्यता २०२०मध्ये बोलायची सोय नव्हती. फेब्रुवारी २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात शास्त्रज्ञांच्या एका गटाने पत्र लिहून अशा बोलण्याला कारस्थानी तर्क म्हटलं होतं. वाइनस्टाइन मात्र ही शक्यता तपासा, असं म्हणत राहिले. मे २०२१मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात १८ शास्त्रज्ञांनी लिहिलं की दोन्ही शक्यता गांभीर्याने तपासायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२०मध्ये कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. तेही पुढे बदलावं लागलं. मग मी मनाशी हिशेब मांडला: मोठ्या संस्था चुकल्या, हे दोघं बरोबर निघाले. आता हे जे सांगतील ते खरं.

हा हिशेब चुकीचा होता. एका प्रश्नात बरोबर निघालेला माणूस दुसऱ्या प्रश्नात बरोबर निघेलच, असं नसतं. पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही.

जून २०२१मध्ये त्यांचे भाग आले आयव्हरमेक्टिनवर आणि लशीच्या धोक्यांवर. दोघांनी लस घेतली नव्हती आणि ते आयव्हरमेक्टिन घेत होते. वाइनस्टाइन यांनी कॅमेऱ्यासमोर ती गोळी घेऊन दाखवली. यूट्यूबने त्यांच्या चॅनेलची जाहिरातींची कमाई बंद केली, तसा माझा विश्वास आणखी वाढला. तोंड बंद करताहेत म्हणजे काहीतरी खरं असणार!

आयव्हरमेक्टिन साधं औषध नाही, हेही सांगितलं पाहिजे. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते निघालं. ते शोधणारे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. आफ्रिकेत नदीकाठच्या माश्यांमुळे होणाऱ्या जंताच्या आजाराने माणसं आंधळी व्हायची. या गोळीने लाखोंची दृष्टी वाचली. १९८७पासून कंपनी त्या आजारासाठी ती फुकट देते. २०२०मध्ये मेलबर्नच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यातल्या पेशींवर ती कोविडच्या विषाणूलाही रोखते असं दिसलं. फक्त तिथे वापरलेली मात्रा इतकी मोठी होती की नेहमीच्या डोसने माणसाच्या रक्तात ती कधीच येत नाही. फार्मसी शिकलेल्या माणसाला हे समजायला हवं होतं. मी तो भाग वाचलाच नाही.

बरं, हे वेड फक्त पॉडकास्टचं नव्हतं. मे २०२१मध्ये शेजारच्या गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी द्यायची घोषणा केली होती. आयसीएमआरच्या मार्गदर्शनातही ‘देता येईल’ या सदरात ती होती. सप्टेंबर २०२१मध्ये काढली गेली. माझ्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या चिठ्ठीवर ती असायची. म्हणजे ज्या मुख्य प्रवाहाला मी शिव्या देत होतो, तोही त्याच बाजूला कलला होता.

पॉडकास्टचा मुद्दा साधा होता आणि मनात घुसणारा होता: हे औषध स्वस्त आहे, पेटंट संपलेलं आहे, त्यात कुणाला नफा नाही, म्हणून ते दाबलं जातंय. औषधांच्या धंद्यात असल्याने मला हे शंभर टक्के पटलं. कंपन्या काय करतात ते मी रोज बघतो.

म्हणून खालाला म्हणालो, रुक. आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय माझ्याच दुकानातून तिला आठवड्याला एक गोळी द्यायला लागलो. ती दर जुम्माला आठवणीने घ्यायची.

जुलैत तिला ताप आला. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८६. चौदा दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले सहा आयसीयूत. तिच्या केस पेपरवर मी औषधं वाचत होतो आणि एका नावावर नजर थांबली. डेक्सामेथासोन.

दुकानदार याला ‘डेक्सा’ म्हणतात. जुनं औषध, १९५०च्या दशकातलं. पेटंट केव्हाच संपलेलं. गोळी इतकी स्वस्त की सुट्या पैशांचा प्रश्न येतो. जून २०२०मध्ये ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीत ६,४२५ रुग्णांपैकी काहींना ती दिली, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. काही आठवड्यांत जगभरचे दवाखाने ती वापरू लागले. कुणी दाबली नाही. नफा नव्हता तरी वापरली.

आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की ‘स्वस्त म्हणून दाबलं’ हा मुद्दा माझ्याच फडताळावर खोटा पडलेला होता. वर्षभर मी डेक्सा विकत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग मी वाचायला लागलो. पॉडकास्टवाल्यांचा भरवसा ज्या अभ्यासांवर होता त्यातला एक मोठा अभ्यास इजिप्तचा होता. जुलै २०२१मध्ये, खाला दवाखान्यात असतानाच, तो मागे घेतला गेला. ब्रिटनमधल्या वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने तो अभ्यासाचा भाग म्हणून वाचला, तर त्यात उचललेला मजकूर निघाला आणि आकडे जुळेनात. मार्च २०२२मध्ये ब्राझीलच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. १,३५८ रुग्ण, निम्म्यांना आयव्हरमेक्टिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. दवाखान्यात ठेवावं लागण्याचं प्रमाण एकीकडे शंभरात साधारण १५, दुसरीकडे १६. एवढा फरक योगायोगानेही पडतो. डोस कमी होता, उशिरा दिला, असे आक्षेप आले. ठीक आहे, आक्षेप घ्यायलाच हवेत. पुढे अमेरिकेतल्या चाचणीत जास्त डोस सहा दिवस देऊन पाहिला. तरी फरक नाही.

मग काही देशांत फायदा दिसला तो कसा? त्याचं एक उत्तर फार बोलकं आहे. काही प्रदेशांत लोकांच्या पोटात एक विशिष्ट जंत असतो. कोविडसाठी स्टेरॉइड दिलं की तो जंत अंगभर पसरून रोगी दगावू शकतो. तिथे आयव्हरमेक्टिन घेतलेले जास्त वाचले असतील तर गोळीने आपलं नेहमीचं काम केलं असणार, जंत मारायचं. विषाणूचा त्यात संबंध नाही.

या सगळ्यात एकच रीत पुन्हा पुन्हा येते: दोन रांगा लावा. एकीला द्या, दुसरीला देऊ नका, आणि मोजा. ही रीत आपल्याला परकी नाही. अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अर-राझी हा हकीम होऊन गेला. वैद्यकात तेव्हा गॅलेनचा शब्द शेवटचा मानला जायचा. राझीने त्या गॅलेनवरच्या शंकांचं पुस्तक लिहिलं. पण तो शंका लिहून थांबला नाही. मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजारात रक्त काढण्याचा उपयोग होतो का, हे पाहायला त्याने काही रुग्णांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही. त्याचा निष्कर्ष आज कुणी मानणार नाही. रीत मात्र तीच राहिली.

आणि मुंबईत १८९७ साली? प्लेगची साथ सुरू होती. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली. आता बघा, वाइनस्टाइन यांनीही गोळी स्वतः घेऊन दाखवली होती. स्वतः घेतल्याने माणसाचा विश्वास सिद्ध होतो, औषध सिद्ध होत नाही. हाफकिन तिथे थांबले नाहीत. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा टोचलेले कैदी आणि न टोचलेले कैदी यांची त्यांनी तुलना केली. कैद्यांवर असं काही करणं आज आपण मान्य करणार नाही. पण टोचलेल्यांत आजार कमी दिसला, तो मोजून दिसला. लोक तेव्हाही घाबरत होते, अफवा तेव्हाही होत्या. तेव्हा तिसरे आगाखान पुढे आले, त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि आपल्या जमातीला सोबत घेतलं. आपल्याकडे लशीबद्दल शंका जुनी आहे, तशी ही बाजूही जुनी आहे.

आता कुणी म्हणेल, मोठी नियतकालिकं चुकत नाहीत का? चुकतात. मे २०२०मध्ये ‘लॅन्सेट’नेच हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक अभ्यास छापला. त्यातल्या आकड्यांची खात्री देता येईना, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत, ४ जूनला तो मागे घेतला. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या म्हणून घेतला. माझ्या दुकानात एक्स्पायरी झालेली स्ट्रिप निघाली तर मी ती फडताळावरून काढतो. दुकान चांगलं की वाईट हे यावरून कळतं. कधीच एक्स्पायरी होत नाही असं दुकान जगात नाही.

आणि पॉडकास्टवर? जानेवारी २०२४मध्ये वाइनस्टाइन टकर कार्लसन यांच्या मुलाखतीत म्हणाले की या लशींनी जगभरात १ कोटी ७० लाख माणसं मेल्याचा विश्वासार्ह अंदाज आहे. एवढी माणसं लशीने मेली असती तर माझ्या गल्लीत, तुमच्या गल्लीत ती दिसली असती. आपण दफनविधीला जातोच की! लशीला दुर्मीळ धोके आहेत. कोव्हिशिल्डसारख्या लशीने फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एमआरएनए लशीने काही तरुणांत हृदयाच्या स्नायूला सूज आली. हे शोधलं ते मोजणाऱ्यांनीच, आणि जाहीरही केलं. दुर्मीळ धोका मोजून सांगणं वेगळं आणि कोटींचा आकडा हवेत सोडणं वेगळं.

मला त्या दोघांवर राग काढायचा नाही. ते अमेरिकेत बोलत होते. माझी खाला या जगात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्यांनी प्रश्न विचारला होता; ‘रुक’ हा हुकूम मी दिला. इथे बसलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगायला आलोय. आपल्या घरांत इंग्रजी कळणारा, मोबाइल चालवता येणारा पोरगा किंवा पोरगी हाच घरचा डॉक्टर होतो. अम्मी, नानी, शेजारची चाची, सगळ्या तुम्हालाच विचारतात. तुम्ही कानात जे ऐकता ते तुमच्या तोंडून बाहेर पडताना सल्ला झालेलं असतं.

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवर पसरला, भिवंडी-मालेगावातही पसरला. मुलं दगावली. बाधित मुलांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली पुष्कळ होती. त्यातली बरीच घरं गरिबीमुळे, रोजंदारी बुडते म्हणून, टाळेबंदीत चुकली म्हणून राहून गेलेली. पण काही घरांत कुणीतरी ‘थांब’ म्हणालेलं असणार. माझ्यासारखं कुणीतरी.

म्हणून पॉडकास्ट ऐका, जरूर ऐका. शंका घ्या, सरकारवर, कंपन्यांवर, माझ्यावरही. फक्त शंका घेतली की उत्तर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. दोन रांगा लावून मोजलं का, हे विचारायचं. अभ्यास मागे घेतला गेला तर त्याचाही भाग येतो का, हे बघायचं. आणि उत्तर आलं नसेल तोवर घरातल्या माणसाला आपला अंदाज सल्ला म्हणून द्यायचा नाही. त्याला घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि शेजारी बसून प्रश्न विचारायचे. कुणी लशीला घाबरत असेल तर त्याची टर उडवू नका. २०२०मध्ये आपल्यावर जे बेतलं त्यानंतर घाबरणाऱ्याला अडाणी म्हणायचा हक्क कुणाला नाही.

खाला वाचली. ऑक्टोबरात मी तिला लशीला घेऊन गेलो. तिचा श्वास अजून भरतो. पूर्वी वरच्या मजल्यावर राहायची, आता आम्ही तिला खाली आणलंय. दवाखान्यातून सुटल्यावर मी तिची माफी मागितली होती. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तू बोल्या ना रुक, तो मैं रुकी. तू झूट थोडी बोलता.”

तिने मला माफ केलं, हे तुम्हाला कळलं असेल. पण त्या वाक्यातला दुसरा अर्थ मला रोज दुकान उघडताना आठवतो. ती लशीसाठी थांबली नव्हती. माझ्या शब्दासाठी थांबली होती.